सूत्रात न दिसणारे

गेल्या डिसेंबरात आमची नात पुण्याहून सुट्टीसाठी इंदूरला आली, तेव्हा तिच्या पिशवीत कपड्यांपेक्षा पुस्तकांचेच वजन अधिक होते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा जानेवारीत व्हावयाची होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती चहाचा पेला घेऊन आमच्या खुर्चीशी येऊन बसली आणि म्हणाली, “आजोबा, विद्युत्-क्षेत्राची गणितं सगळी सुटतात. पण सुटल्यावर आपण काय सोडवलं, ते मात्र कळत नाही.”

आम्ही याच शहरातील एका महाविद्यालयात १९७१ पासून २००९ पर्यंत पदार्थविज्ञान शिकविले. स्थिरविद्युत् हा आमचा हातखंडा विषय, असे विद्यार्थी म्हणत. निदान आमच्या कानांवर येईल अशा बेताने म्हणत. त्यामुळे नातीची तक्रार ऐकून प्रथम आम्हांला आनंदच झाला. म्हातारपणी विचारले जाणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. आम्ही जरा सरसावून बसलो आणि आमचा ठेवणीतला प्रश्न बाहेर काढला.

“एखाद्या ठिकाणी विद्युत्-क्षेत्र आहे, म्हणजे तिथे नक्की काय आहे?”

“तिथे एकक धनभार ठेवला, तर त्याच्यावर जितकं बल लागेल तितकं.”

“आणि ठेवलाच नाही तर?”

ती थांबली. “मग बल नाही. म्हणजे क्षेत्रही नसणार. हो ना, आजोबा?”

आम्हांला हसू आले. तिने पुस्तक मिटले आणि ती स्वयंपाकघरात आजीकडे निघून गेली.

हेच उत्तर आम्ही अडतीस वर्षांत किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. व्याख्या पाठ असते, सूत्र पाठ असते, ‘बल भागिले भार’ असे फळ्यावर लिहूनही दाखविता येते. आणि नेमक्या त्या पाठांतरातूनच घोटाळा उगवतो. बल भागिले भार म्हटले की विद्यार्थ्याला वाटते, खालचा भार दुप्पट केला तर क्षेत्र निम्मे होणार. गणित म्हणून पाहिले तर त्याचा तर्क वाकडा नाही. भार दुप्पट केला की वरचे बलही दुप्पट होते आणि भागाकार होता तसाच राहतो, हे मात्र त्याच्या लक्षात येत नाही. कारण सूत्राकडे तो एक घटना म्हणून न पाहता एक अपूर्णांक म्हणून पाहत असतो.

आम्ही वर्गात यासाठी डाळीच्या भावाचा दाखला देत असू. किलोमागे भाव काढताना दिलेल्या पैशांना घेतलेल्या वजनाने भागावे लागते. म्हणून दोन किलो डाळ घेतली तर भाव निम्मा होतो काय? आणि दुकानात एकही गिऱ्हाईक नसले, तरी पाटीवर भाव असतोच. मुले हसत आणि त्यांना पटेही. पण प्रत्येक दाखल्याची एक मर्यादा असते, आणि ती सांगण्याचे आमच्याकडून बहुधा राहून जाई. डाळीचा भाव हा माणसांनी ठरविलेला असतो. विद्युत्-क्षेत्र तसे नाही. ते तेथे खरोखरच असते. आपण निरभ्र दिवशी मोकळ्या अंगणात उभे असतो, तेव्हाही जमिनीलगतच्या हवेत दर मीटरला सुमारे १०० व्होल्ट इतके क्षेत्र खालच्या दिशेने असते. वादळी ढग डोक्यावर आले की ते काही हजारांवर जाते. ते मोजण्यासाठी कोणी भार घेऊन आला काय आणि न आला काय, त्याला सोयरसुतक नसते. आणखी एक गोष्ट अशी, की येथे एखादा भार हलविला, तर दूरच्या जागचे क्षेत्र त्याच क्षणी बदलत नाही. ती वार्ता सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर या वेगाने जाते. मधल्या काळात ती वार्ता कोठे असते? ती क्षेत्रातच असते. जी वस्तू प्रवास करते, जिच्याजवळ ऊर्जा असते, तिला केवळ हिशेबाची सोय कसे म्हणावे?

‘क्षेत्र’ या शब्दानेही आमची कमी पंचाईत केलेली नाही. आमचे निम्मे विद्यार्थी हिंदी माध्यमातून आलेले असत आणि क्षेत्र म्हटल्याबरोबर त्यांच्या मनात क्षेत्रफळ उभे राही. एकाने तर क्षेत्राचे एकक चौरस मीटर असे लिहिले होते. वास्तविक हा शब्द आपल्याकडे किती नेमका आहे! उज्जैनला आपण क्षेत्र म्हणतो, ते तेथे जाणाऱ्यावर त्या जागेचा काही परिणाम होतो या श्रद्धेने म्हणतो. आणि यात्रेकरू घरी परतले तरी क्षेत्र हे क्षेत्रच राहते. पण हे आम्हांला सुचले ते निवृत्तीनंतर. नोकरीत असताना अभ्यासक्रम संपविण्याची घाई असते.

या कल्पनेचा जनक मायकेल फॅरडे याला तशी घाई नव्हती, हे त्याचे भाग्य. १७९१ साली एका लोहाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता, बांधावयास आलेली पुस्तके वाचून शहाणा झाला. त्याला गणित येत नव्हते. कूलाँबचा १७८५ सालचा नियम तेव्हा सर्वमान्य होता आणि त्यानुसार एक भार दुसऱ्या दूरच्या भाराला ओढतो किंवा ढकलतो. मधल्या जागेशी कोणाला कर्तव्य नव्हते. फॅरडेची नजर मात्र त्या मधल्या जागेवर खिळली. चुंबकाभोवती लोहकीस पसरला की तो रांगा धरून बसतो, हे पाहून त्याने बलरेषांची कल्पना केली. गणितज्ञांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १८५५-५६ च्या सुमारास चोवीस वर्षांच्या मॅक्सवेलने त्या रेषांना गणिताचा पोशाख चढविला, तेव्हा पासष्टी गाठलेल्या फॅरडेने त्याला पत्र लिहून विचारले, की तुम्ही गणिताने जे निष्कर्ष काढता ते आम्हांसारख्यांना कळेल अशा साध्या भाषेत सांगता येणार नाहीत काय? आमच्या मते पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने हे पत्र वाचावयास हवे. गणितात आपण कच्चे आहोत याची लाज न बाळगता, अर्थ मात्र मागून घेणारा विद्यार्थी आम्हांला क्वचितच भेटला. आणि भेटला तेव्हा आम्ही काय केले, ते पुढे येईलच.

बलरेषा चांगल्या, पण त्यांचाही जाच होतोच. चित्रात दोन रेषांच्या मध्ये कोरा कागद दिसतो. तेथे भार ठेवला तर त्याच्यावर बल किती, असे विचारले की चांगली चांगली मुले सांगतात, “काहीच नाही, तेथून रेषा जात नाही.” रेषा म्हणजे ताणलेले दोरे, अशी त्यांची समजूत झालेली असते. दुसरा एक गोड गैरसमज असा, की भार मोकळा सोडला की तो रेषा धरूनच चालतो, आगगाडीने रूळ धरावेत तसा. रेषा सरळ असेल तेव्हा ते खरेही ठरते. पण वाकड्या रेषेवरून तो सुटतो, कारण रेषा बलाची दिशा दाखविते, वेगाची नव्हे. स्टॉकहोम येथील अभियांत्रिकी संस्थेत शेकडो विद्यार्थ्यांना अशा आकृत्या दाखवून केलेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. रेषांनी एकमेकींना छेदले आहे, अशी अशक्य आकृती समोर असूनही त्यांतील कित्येकांना काही खटकले नाही. तो लेख वाचून आम्हांला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. गैरसमज इंदुरातच पिकतात असे नव्हे, तर स्वीडनच्या थंडीतही पिकतात!

हे दोरे खरोखर दिसावेत म्हणून आम्ही एक प्रयोग करीत असू. उथळ काचपात्रात एरंडेल तेल घ्यावयाचे, त्यावर रवा भुरभुरावयाचा, आणि विद्युत्-यंत्राच्या दोन तारा त्यात सोडून चाक फिरवावयाचे. रव्याचे कण हळूहळू वळतात आणि एका तारेपासून दुसरीपर्यंत कमानी उभ्या राहतात. रवा आमच्या घरचा. सौ. डबा पुढे करीत, पण एरंडेल पाहून दर वर्षी नाक मुरडीत. प्रयोग देखणा होई. मात्र त्याने समजूत सुधारण्याऐवजी कित्येकांचा दोऱ्यांवरील विश्वास अधिकच पक्का होई. रव्याच्या दोन रांगांमध्येही क्षेत्र तितकेच असते, कण एकमेकांना ओढतात म्हणून रांगा दिसतात, हे डोळ्यांना दिसत नाही.

शिवाय एक हवामानाची अडचण होती, जिचा उल्लेख कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात आम्हांला आढळला नाही. सत्र जुलैत सुरू व्हावयाचे आणि अभ्यासक्रमात पहिला क्रमांक स्थिरविद्युताचा. माळव्यात तेव्हा पाऊस. ओलसर हवेत काच, एबोनाइट, रेशीम सारे दमट. भार दिला की तो पाहता पाहता पसार. यंत्राचे चाक फिरवून शिपायाचे हात दुखत, आणि ठिणगीचे नाव नाही. थंडी पडून हवा कोरडी झाली, स्वेटर काढताना अंगावर चटचट होऊ लागली, की आम्ही मात्र चुंबकत्वावर पोहोचलेले असू. स्थिरविद्युत् दिवाळीनंतर शिकवावे, असा ठराव आम्ही विभागात दोनदा मांडला. दोन्ही वेळा तो वेळापत्रकाच्या कारणास्तव फेटाळला गेला. आजही आमचे मत बदललेले नाही.

आता मूळ गोष्ट. ती सांगावयाची म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आणि येथवर टाळली.

१९८१ सालच्या सहामाही परीक्षेत आम्ही एक प्रश्न घातला होता. भारित वाहकाच्या पृष्ठभागाच्या अगदी बाहेर क्षेत्र किती असते, याचे एक सुटसुटीत सूत्र आहे: पृष्ठभागावरील त्या ठिकाणची भारघनता, भागिले एक स्थिरांक, ‘सिग्मा भागिले एप्सिलॉन’ असे विद्यार्थी घोकतात. आमचा प्रश्न असा होता, की अशा वाहकाशेजारी दुसरा एक भारित गोल आणून ठेवला, तर हे सूत्र त्या बिंदूपाशी लागू राहील काय? कारणे द्या. गुण पाच. आमचे आदर्श उत्तर तयार होते. होय, लागू राहील. कारण सूत्रात केवळ वाहकाच्या पृष्ठभागावरील भार आहे, बाहेरच्या गोलाचा त्यात उल्लेखच नाही. सबब त्या बिंदूच्या क्षेत्राशी त्या गोलाचा संबंध नाही.

एका मुलाने निराळेच लिहिले. सूत्र लागू राहील, हे त्यानेही मान्य केले होते. पण पुढे त्याचे म्हणणे असे, की त्या बिंदूपाशी जे क्षेत्र आहे ते सर्व भारांचे मिळून आहे. शेजारच्या गोलाचाही त्यात वाटा आहे. गोल आल्यामुळे वाहकावरचे भार सरकतात, सिग्मा बदलतो, आणि बेरीज अशी जुळते की सूत्र तेच राहते. आम्ही ‘होय’ला दोन गुण दिले आणि कारणावर तांबडी रेघ मारली. पन्नासांपैकी उत्तीर्ण होण्यास सतरा गुण लागत. त्याला पंधरा मिळाले.

दुसऱ्या दिवशी तो शिक्षकांच्या खोलीत आला. आम्ही तिघे सहकारी चहा घेत होतो. मुलगा सियागंजातील एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचा. बोलण्यात चतुर नव्हता. दाराशीच उभा राहून तो हिंदीत म्हणाला, “सर, वह सूत्र में दिखता नहीं, पर है.”

आम्ही म्हणालो, “जे सूत्रात दिसत नाही, ते उत्तरपत्रिकेतही दिसू नये.”

सहकाऱ्यांनी दाद दिली. मुलगा नमस्कार करून गेला. पुढे हे वाक्य आम्हांला इतके आवडले, की दर वर्षी नव्या वर्गापुढे आम्ही ते एकदा तरी म्हणत असू.

त्या मुलाने वर्गात पुन्हा प्रश्न विचारला नाही. बी. एस्‌सी. तो तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि वडिलांच्या दुकानात बसू लागला. तीन गुणांनी त्याचे आयुष्य बदलले, असे म्हणणे नाटकी होईल. कदाचित तो तेथेच बसणार होता. पण एम. एस्‌सी.ला जाण्याची त्याची इच्छा आहे, असे त्याच्या मित्रांकडून आम्ही ऐकले होते, एवढे खरे.

१९९७ साली आम्ही प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गाला गेलो होतो. एका दुपारी, जेवण अंगावर आलेले असताना, आम्हां सर्वांना एक प्रश्नावली वाटण्यात आली. तिच्यात पाहतो तो जवळजवळ आमचाच प्रश्न: वाहक, त्याच्या पृष्ठभागालगतचा बिंदू, आणि बाहेरचा एक भार. बाहेरच्या भाराचा त्या बिंदूच्या क्षेत्रात वाटा आहे काय? आम्ही निःशंकपणे ‘नाही’ लिहिले. बहुतेकांनी तेच लिहिले. मग व्याख्यात्यांनी सांगितले, की पॅरिसच्या लॉरांस व्हियेनो आणि सिल्वी रँसों या दोघींनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या याच विचारपद्धतीचा अभ्यास करून तो १९९२ मध्ये प्रसिद्ध केला आहे. सूत्रात जी राशी दिसते तीच काय ती कारण, आणि जी दिसत नाही तिचा परिणाम शून्य, असे विद्यार्थी धरून चालतात. या खोडीला त्यांनी नाव दिले आहे, ‘सूत्रातले कारण’. तिची सख्खी बहीण म्हणजे ‘हालचाल असेल तरच क्षेत्र’. लाकडात किंवा प्लास्टिकमध्ये भार मोकळे हिंडू शकत नाहीत, म्हणून तेथे क्षेत्रच शिरत नाही, असे मुले सांगतात. परिणाम दिसत नाही म्हणून कारणही नाही! गाऊसच्या नियमातही हेच. बंद पृष्ठभागाच्या आतील भारच सूत्रात असतो, तेव्हा बाहेरच्या भाराने क्षेत्र होतच नाही, असे समजले जाते. बाहेरच्या भारामुळे जितक्या रेषा आत शिरतात तितक्याच बाहेर पडतात, म्हणून जमाखर्च शून्य होतो. पण जमाखर्च शून्य आला म्हणजे व्यवहारच झाला नाही, असे कोणता वाणी म्हणेल?

मग त्यांनी फळ्यावर एक आकृती काढली. वाहकाच्या पृष्ठभागाचा नखाएवढा तुकडा मनाने वेगळा करा. त्या तुकड्याचे स्वतःचे क्षेत्र दोन्ही बाजूंना सारखेच, सूत्रात सांगितलेल्याच्या बरोबर निम्मे. आतल्या बाजूला तर एकूण क्षेत्र शून्य असते. ते शून्य कोण करतो? उरलेले सर्व भार, वाहकावरचे आणि बाहेरचेही. तेच उरलेले भार बाहेरच्या बाजूला दुसरे निम्मे पुरवितात. म्हणजे ज्या क्षेत्राचे सगळे श्रेय आम्ही त्या नखाएवढ्या तुकड्याला देत आलो, त्यातले अर्धे दुसऱ्यांचेच होते.

सूत्र में दिखता नहीं, पर है. सोळा वर्षांनंतर ते वाक्य कानांत घुमले, आणि त्या रात्री वसतिगृहाच्या खाटेवर आम्हांला झोप आली नाही. आम्ही परत आल्यावर शिकविण्याची पद्धत बदलली. ते आवडते वाक्य म्हणणे बंद केले. परंतु आजवर आम्ही चुकीचे शिकवीत होतो, असे वर्गापुढे कधी सांगितले नाही. आणि सियागंजात तर गेलोच नाही. खिळा, कडी, कुलूप काही हवे असले की दुसरीकडून आणीत असू. पंचवीसांहून अधिक वर्षे माणूस एक बाजार चुकवू शकतो, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. पण शहर मोठे होत गेले आणि ते सोपे होत गेले.

नातीने त्या सकाळी पुस्तक मिटले, तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाल्या, “पोरीला समजत नाही म्हणून ती विचारायला आली होती ना?” दुपारी आम्ही नातीची समजूत काढली आणि प्रयोग करू म्हटले. हवा कोरडी होती. काचेची बरणी, बुचातून तांब्याची तार, टोकाला वर्खासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, असे विद्युत्-दर्शक तयार झाले. प्लास्टिकची नळी लोकरीवर घासून जवळ आणली की पट्ट्या फाकत. नात खूश झाली. मग तिला आम्ही फॅरडेच्या पिंजऱ्याची हकीकत सांगितली: १८३६ साली त्याने बारा फूट लांबी-रुंदी-उंचीची एक खोलीच उभारली, तिला धातूचे वेष्टण दिले, बाहेरून तिला भार देववला, आणि बाहेर ठिणग्या उडत असताना आपण उपकरणे घेऊन आत बसून राहिला. आत त्याच्या उपकरणांना काहीही जाणवले नाही. “आपण करू या,” ती म्हणाली. आजीची रव्याची चाळण आणली. ती बरणीवर बसेना. बारीक तारेची जाळी हवी होती.

जाळी सियागंजात मिळते. नातीला कोठे काय मिळते ते ठाऊक नसल्याने आम्हांलाच जावे लागले.

दुकान जागेवर होते. गादीवरचा माणूस साठी ओलांडलेला, चष्मा लावलेला. आम्ही जाळी मागितली आणि त्याने मान वर केली. “सर, आइए,” म्हणून त्याने उठून स्टूल पुसले. कशासाठी हवी, असे त्याने विचारले, ते बहुधा भोके किती बारीक लागतील ते ठरविण्यासाठी. आम्ही बरणीचा प्रयोग सांगितला आणि सवयीने शिक्षकी आवाजात म्हणालो, की जाळी बाहेरचे क्षेत्र अडविते. तो जाळीची गुंडाळी उलगडीत होता. हात न थांबविता म्हणाला, अडवीत नसणार. नळीचे आत पोहोचतच असेल, जाळीवरच्या भारांचे त्यात मिळत असेल, आणि बेरीज शून्य होत असेल.

आम्ही काही क्षण गप्प राहिलो. मग जे सांगावयाचे ते सांगितले: १९८१ ची सहामाही, तो प्रश्न, त्याचे उत्तर बरोबर होते, आमचे चूक होते, आणि हे आम्हांला १९९७ पासून ठाऊक आहे. घरून निघताना चार वाक्ये मनाशी जुळविली होती. त्यांतले एकही नीट आले नाही.

त्याने चष्मा काढून पुसला. “सवाल तो याद नहीं, सर,” तो म्हणाला. “आप तीनों हँसे थे, वह याद है.”

आम्हांला तिघांनी दाद दिल्याचे आठवत होते, हसल्याचे नव्हते. त्याने दोन फूट जाळी कापली. कापलेल्या कडेच्या तारा टोचतात म्हणून पकडीने एकेक करून आत दुमडल्या, “बच्ची के हाथ में आएगी” म्हणाला. पैसे त्याने घेतले, सुटे परत दिले. आम्ही उठलो तेव्हा दुसरे गिऱ्हाईक येऊन उभे होते.

रात्री जेवणाआधी जाळीचे नळकांडे करून ते ताटात उभे केले, वर जाळीचेच झाकण ठेवले, आत बरणी. नातीने नळी घासघासून जवळ आणली. पट्ट्या हलल्या नाहीत. जाळी काढली, पट्ट्या फाकल्या. पुन्हा ठेवली, मिटल्या. चार वेळा तिने हे केले.

“जाळीने अडवलं,” ती म्हणाली.

आम्ही विचारले, “कसं अडवलं असेल?”

तिने नळी खाली ठेवली आणि जाळीकडे पाहत राहिली. स्वयंपाकघरातून सौ. नी दोनदा हाक मारली. आमटी गार होत होती.